बेकारीचे एक वर्ष, चेल्सीची तीन वर्षे

मेहनती मुलगा कामाविना घरी बसला की येणारा-जाणारा विचारतो, "सध्या काय करतो?" आणि घरातल्यांच्या माना खाली जातात. अशा घरांसाठी आम्ही या वेळी एदुआर मेंडी या गोलरक्षकाची हकिकत निवडली आहे.

मेंडीचा जन्म १९९२ साली फ्रान्समध्ये झाला. त्याची आई सेनेगलची. २०१४ साली शेरबूर या लहान क्लबबरोबरचा त्याचा करार संपला. इंग्लंडमध्ये जागा मिळेल, असा शब्द एजंटाने दिला होता. तो पाळला गेला नाही. बावीस वर्षांच्या मेंडीला बेरोजगार म्हणून नाव नोंदवावे लागले. घरी पहिले मूल येणार होते. फुटबॉल सोडून दुसरे काम धरावे, हा विचारही मनात येऊन गेला. पण करार नसतानाही त्याने सराव सोडला नाही. वर्षभराने एका जुन्या सहकाऱ्याने मार्सेल क्लबात शब्द टाकला आणि राखीव संघात त्याला जागा मिळाली.

तिथून रेंस, मग रेन. सप्टेंबर २०२० मध्ये चेल्सीने त्याला घेतले. सहा वर्षांपूर्वी हुकलेले इंग्लंड असे हाती आले. पहिल्याच हंगामात प्रीमियर लीगच्या १६ सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. २९ मे २०२१ रोजी पोर्तो येथे मँचेस्टर सिटीला १-० असे हरवून चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकली. त्या स्पर्धेतही नऊ सामन्यांत त्याचे गोलजाळे कोरे राहिले. त्या वर्षीचा 'फिफा'चा सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचा सन्मान त्याला मिळाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये इजिप्तविरुद्ध पेनल्टी अडवून त्याने सेनेगलला पहिला आफ्रिकी चषक मिळवून दिला.

नंतर चढती कमान उतरली. दुखापती झाल्या, केपाने जागा घेतली. २०२३ च्या उन्हाळ्यात तो सौदी अरेबियाच्या अल-अहली क्लबात गेला. चेल्सीतला मुक्काम तीन हंगामांचाच ठरला. २०२५ साली अल-अहलीने आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा गोलसमोर मेंडीच उभा होता.

वाचकहो, बेकारीच्या त्या वर्षावरून मेंडीची किंमत ठरवली असती, तर केवढी चूक झाली असती! आपल्या नात्यात, मोहल्ल्यात असा कोणी रिकामा बसलेला असेल, तर "काय करतो?" एवढेच विचारून थांबू नये. ओळखीच्या ठिकाणी त्याच्यासाठी एक शब्द टाकावा. मेंडीला एवढेच हवे होते.