शेड कार्डातला ऑपेरा: मखमलीचे नऊ झकास तुकडे!

ऑपेरा थिएटरांच्या पडद्या-खुर्च्यांसाठीच्या मखमलीचं जुनं सॅम्पल बुक हाती लागलं, तर नियम एकच: आधी बोट फिरवा, मग भाव विचारा! प्रत्येक चौकोनी तुकड्यामागे एक किस्सा आहे. चला, पानं उलटू या.

एक तुकडा, दोन शेड्स
तुकड्यावरून एका दिशेनं बोट फिरवा: रंग गडद. उलट फिरवा: फिका, चकचकीत! लव वाकली की प्रकाश वेगळा परततो, एवढंच. म्हणून पडदा शिवताना सगळे पट्टे एकाच दिशेनं लावतात. एक जरी उलटा लागला, की झालंच पॅचवर्क!

जुळी, तीही सिझेरियन!
माहीत आहे का? यंत्रमागावर मखमल बहुधा जोडीनं जन्मते. दोन कापडं समोरासमोर विणायची आणि त्यांना जोडणारे धागे मधोमध सुरीनं कापायचे. दोन तागे मोकळे!

घाई आहे? मग व्हेनिसला नको
व्हेनिसच्या बेविलाक्वा विणकामशाळेत आजही अठराव्या शतकातले हातमाग चालतात. तिथल्या खास नक्षीदार मखमलीचा वेग? दिवसाला जेमतेम 30 सेंटीमीटर! खिडकीचा पडदा हवा असेल, तर ऑर्डर आत्ताच द्या.

मखमल? कुठाय मखमल?
पॅरिसचं पॅले गार्निए हे ऑपेरा हाऊस 1875 मध्ये उघडलं. समोर झुलतोय सोनेरी झालरींचा, चुण्याचुण्यांचा लालभडक पडदा. जवळ जा, आणि... फसलात! चुण्याही रंगवलेल्या, झालरीही रंगवलेल्या. सपाट कॅनव्हासवरचं चित्र आहे ते!

लाल? तो तर उशिरा आला!
ऑपेरा म्हटलं की लाल-सोनेरीच, असं वाटतं ना? नेपल्सचं सान कार्लो थिएटर 1737 मध्ये उघडलं, तेव्हा आतली सजावट निळी होती. लाल-सोनेरी थाट आला तो 1844 मध्ये.

अंधारात गायब
लालची एक गंमत मात्र खरी. उजेड मंदावला की आपल्या डोळ्यांना लाल रंग निळ्याच्या आधी काळपट दिसू लागतो. विज्ञान त्याला पुर्किने इफेक्ट म्हणतं. दिवे गेले, की लाल खुर्च्या गुपचूप एक्झिट घेतात!

वाग्नरसाहेबांचं डबल स्टँडर्ड
संगीतकार रिचर्ड वाग्नर व्हिएन्नातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना पत्रं लिहून साटीन-रेशमाच्या ऑर्डरी देत. 1877 मध्ये ती पत्रं चक्क छापून आली आणि गावभर हशा! त्याच वाग्नरनं 1876 मध्ये बायरॉइटला उघडलेल्या थिएटरात प्रेक्षकांना काय दिलं? कडक लाकडी खुर्च्या! जाणकार उशी घेऊनच जायचे. स्वतःला साटीन, पब्लिकला लाकडी शिक्षा!

सॅम्पल बुकांचा बाप
माहीत आहे का, कापडाच्या नमुन्यांचा एक जंगी संच भारतीय कापडांचा होता? 1866 मध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 18 खंडांत खऱ्या कापडाचे 700 तुकडे चिकटवले. असे 20 संच! 13 ब्रिटनला, 7 भारताला. हेतू काय? इथल्या लोकांना काय आवडतं ते ब्रिटिश गिरणीवाल्यांना कळावं आणि तसला माल काढून आपल्यालाच विकता यावा. मार्केट रिसर्च, कात्री लावून!

आणि आपलं गिरगाव!
मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस हे देशात उरलेलं एकमेव ऑपेरा हाऊस. बांधकाम अपुरं असतानाच 1911 मध्ये राजे पंचम जॉर्ज उद्घाटन करून मोकळे झाले! मधे वर्षानुवर्षं टाळं लागलं. 2016 मध्ये पुन्हा दारं उघडली, तेव्हा गायल्या मुंबईतच जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ. याच रंगमंचावर बालगंधर्वही गायले आहेत. कथा गाण्यातून, नायिका नटून, वन्समोअरवर वन्समोअर... संगीत नाटक म्हणजे आपला ऑपेराच की हो!