सेल नवे, तरी रेकॉर्डर मुका

मिरजेहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांचे वडील गात असत. २०११ साली घरीच झालेल्या वडिलांच्या दोन बैठका त्यांनी मुठीत मावेल एवढ्या डिजिटल रेकॉर्डरवर घेतल्या आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं. वडील गेल्यावर ते बाहेर काढायचा धीर कित्येक वर्षं झाला नाही. आता काढलं, तर चालू होत नाही. नवे सेल घातले, बटण दाबून धरलं, तरी पडदा काळाच. दुरुस्तीच्या दुकानात मल्टिमीटर लावून पाहिला, सेल पूर्ण व्होल्टेज दाखवत होते, म्हणजे बोर्ड गेला, असा निकाल मिळाला. ‘खरंच सगळं गेलं का?’ एवढंच त्यांनी विचारलं आहे.

गाणं बहुतेक गेलेलं नाही, हे आधी सांगतो. रेकॉर्डरमधलं मेमरी कार्ड आवाज जपतं ते चारी बाजूंनी कोंडून ठेवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात. १९६७ साली बेल लॅब्जमध्ये डावॉन कांग आणि सायमन झी यांनी ही युक्ती मांडली. या इलेक्ट्रॉनांना जागेवर ठेवायला वीज लागत नाही. यंत्राचा प्राण गेला तरी कार्डाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून पहिलं काम, कार्ड बाहेर काढा. त्याच्या कडेला बारीक सरकतं कुलूप असेल तर ते लावा, कार्ड रीडरमध्ये घाला आणि संगणकानं ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं तर नाही म्हणा. यात आणखी एक फायदा आहे. सुरू होताना यंत्र कार्ड वाचायला जातं, आणि कार्ड बिघडलेलं असेल तर काही यंत्रं तिथेच अडकून बसतात. कार्डाशिवाय एकदा बटण दाबून बघा. ‘होल्ड’ची कळ सरकलेली नाही ना, तेही बघा.

एवढं करूनही दिवा लागला नाही, तर सेलचा कप्पा उघडून उजेडात धरा.

माझ्याकडे दोन पेन्सिल सेलवर चालणारा एक जुना रेकॉर्डर आहे. चार वर्षांपूर्वी तोही असाच गप्प झाला होता. कप्प्यातल्या स्प्रिंगच्या तळाशी पिठीसाखरेसारखी पांढरी पूड होती आणि एका पत्रीवर हिरवट डाग. ही पूड कुठून येते? अल्कलाइन सेलमध्ये जस्ताची पूड, मँगनीज डायऑक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं तीव्र द्रावण असतं. सेल पार उतरला की आत हायड्रोजन वायू साठतो, दाब वाढतो, सील सुटतं आणि द्रावण बाहेर झिरपतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. पांढरी पूड ती हीच. आता कुणी म्हणेल, यंत्र तर बंद होतं, मग सेल उतरला कसा? या यंत्रांचं बटण भिंतीवरच्या दिव्याच्या बटणासारखं तार तोडत नाही. आतलं घड्याळ चालू राहतं, बटणावर लक्ष ठेवणारा भाग जागा असतो. विजेची ही थेंबथेंब गळती महिनोन्‌महिने चालते आणि सेल कोरडा पडतो. सेलच्या पाकिटावर दहा दहा वर्षं टिकण्याची हमी छापलेली असते, पण ती न वापरता ठेवलेल्या सेलची. यंत्रात घालून विसरलेल्या सेलला ती लागू नाही.

मी हातमोजे घातले, कान साफ करायची काडी व्हिनेगरमध्ये बुडवली आणि स्प्रिंगवर टेकवली. बारीक बुडबुडे आले. आम्ल आणि कार्बोनेट भेटल्याची ती खूण. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो. पूड गेल्यावर पाण्यानं किंचित ओली केलेली काडी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलची, मग पत्र्यांवर बारीक काचकागदाचा हलका हात. रात्रभर वाळू दिलं. सकाळी दिवा लागला.

मग दुकानातल्या मल्टिमीटरनं पूर्ण व्होल्टेज कसं दाखवलं? सगळी गोम इथे आहे. चाळीत वरच्या मजल्यावर राहिलेल्यांना हे पटकन कळेल. तोटी बंद असताना नळात दाब भरपूर असतो, बोट लावलं तर जाणवतो. तोटी उघडली की धार करंगळीएवढी, कारण वाटेतला पाइप गंजानं बुजलेला. मल्टिमीटर म्हणजे बंद तोटीवर टेकवलेलं बोट. तो सेलमधून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून वाटेतला अडथळा त्याला दिसत नाही. यंत्र सुरू होताना पडदा, मेमरी, प्रोसेसर सगळे एकदम वीज मागतात. तो प्रवाह ०.३ अँपिअर आणि गंजलेल्या पत्र्यांचा रोध २ ओहम धरला, तर ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च झाले. दोन सेलच्या तीन व्होल्टांतले २.४ उरले. सेल थोडे उतरलेले असले तर त्याहून कमी. ठरावीक पातळीच्या खाली व्होल्टेज गेलं की यंत्र मुद्दाम सुरू होत नाही, कारण अपुऱ्या विजेवर मेमरीत लिहायला गेलं तर आधीचं लिखाण बिघडू शकतं. म्हणजे रेकॉर्डरचं ते मौन आतलं गाणं सांभाळण्यासाठीही असतं.

हा गुणाकार ज्याच्या नावानं आपण शाळेत पाठ केला, त्या गेऑर्ग ओहमला नेमक्या याच दुखण्यानं पछाडलं होतं. कुलपं घडवणाऱ्याचा हा मुलगा कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकी शिकवायचा. त्या काळची बॅटरी म्हणजे व्होल्टाची चळत, आणि तार जोडली रे जोडली की तिचा जोर ढासळायचा. त्यामुळे १८२५ साली ओहमनं जो पहिला नियम प्रसिद्ध केला, तो चुकीचा निघाला. पोगेनडोर्फ या संपादकानं त्याला सुचवलं, बॅटरी सोड, थॉमस झेबेकचं उष्णतेवर चालणारं जोडकाम घे. बिस्मथ आणि तांबं यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. जोर अगदी थोडा, पण तासन्‌तास स्थिर. त्यावर १८२६ साली खरा नियम हाती आला, १८२७ साली पुस्तक निघालं आणि जर्मनीतल्या विद्वानांनी ते थंडपणे बाजूला सारलं. ओहमनं नोकरी सोडली, पुढची काही वर्षं ओढगस्तीत गेली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं, तेव्हा कुठे कदर झाली.

ओहमचा दुसरा नियम मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही, याची मला फार खंत वाटते. १८४३ साली त्यानं मांडलं, की कान कोणताही संमिश्र नाद साध्या, शुद्ध स्वरांमध्ये सुटा करून ऐकतो. त्याला कडाडून विरोध केला ऑगस्ट झेबेकनं. ज्या थॉमस झेबेकच्या शोधामुळे ओहमला विजेचा नियम गवसला, त्याचाच हा मुलगा! भोकं पाडलेली तबकडी हवेच्या झोतापुढे फिरवून झेबेकनं दाखवलं, की मूळ स्वर गणितानुसार अगदी क्षीण असला तरी कानाला तो ठसठशीत ऐकू येतो. १८६३ साली हेल्महोल्ट्झनं ओहमची बाजू उचलून धरली आणि झेबेक विस्मरणात गेला. विसाव्या शतकात डच संशोधक स्खाउटन यांच्या प्रयोगांनी त्याच्या म्हणण्यातलं तथ्य पुन्हा पुढे आणलं. दोघांनाही थोडं थोडं खरं सापडलं होतं, असं मला वाटतं.

मिरजेच्या माणसाला हा वाद परका नाही. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकणारा कान तोच नाद सुटा करत असतो. मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येचा तो गंधार तारेत खरोखर असतो. घोडीची रुंद पाठ आणि तारेखालचा दोरा यांमुळे तानपुऱ्यात असे स्वर इतके भरभरून कसे येतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली कोलकात्यातून निबंध लिहिला. मिरजेतले तानपुऱ्याची जवारी लावणारे कारागीर हे काम त्याआधीपासून कानानं करत आले आहेत.

पत्र्या साफ करूनही यंत्र उठलं नाही, तर अडॅप्टर लावून बघता येईल, पण व्होल्टेज आणि गोल पिनेवरची अधिक-उणे खूण यंत्रावरच्या खुणेशी तंतोतंत जुळवूनच. उलटा अडॅप्टर चांगला बोर्डही जाळतो. आत लिथियमची बॅटरी असेल आणि ती फुगलेली दिसली, तर चार्जिंगला अजिबात लावू नका. फुगलेली नसेल, तर अर्धा तास चार्जरवर ठेवा. फार उतरलेली बॅटरी आधी अगदी सावकाश भरली जाते आणि तोवर पडद्यावर काहीच दिसत नाही. हे सगळं करून दिवा नाहीच लागला, तर बोर्डाकडे बोट दाखवा.

मिरजेच्या वाचकांना मी फोनवर कार्डाचं सांगितलं. परवा त्यांचा निरोप आला. यंत्र अजून बंदच आहे, पण दोन्ही बैठका कार्डावर शाबूत आहेत. कार्डातले इलेक्ट्रॉनही कायम कोंडलेले राहत नाहीत, उकाड्यात तर ते लवकर निसटतात. म्हणून त्यांनी त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रती करून ठेवल्या. तुमच्या कपाटात असा रेकॉर्डर असेल, तर आज त्यातलं कार्ड काढून प्रत करा आणि यंत्र परत ठेवताना सेल बाहेर ठेवा.