चौकशीची खिडकी

‘काय, कुठे निघालात?’ हा प्रश्न आपल्याकडे आपुलकीचा समजला जातो. 1971 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी हीच आपुलकी संगणकाला शिकवली. संगणक एक, वापरणारे अनेक. त्यांतले आत्ता कोण कामावर आहे, त्याचे पूर्ण नाव काय, तो कधी भेटेल, हे सहकाऱ्यांना कळावे म्हणून त्यांनी ‘फिंगर’ नावाची सोय केली. सगळे ओळखीचेच; लपवायचे कोणापासून?

पुढे विद्यापीठांचे संगणक एकमेकांना जोडले गेले. चौकशीची खिडकी मात्र तशीच उघडी राहिली आणि विचारणारे परके झाले.

2 नोव्हेंबर 1988 रोजी कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ हजारो संगणकांत शिरला. त्याची एक वाट याच खिडकीतून जात होती. प्रश्न उतरवून घ्यायला जागा 512 अक्षरांची. पण आलेला प्रश्न मोजून घेण्याची तजवीजच नव्हती. वर्मने 536 अक्षरे पाठवली. जादा अक्षरे शेजारच्या जागेत सांडली आणि यंत्र पाहुण्याचेच हुकूम पाळू लागले. दुसरी वाट पासवर्डची. वर्म माणसाचे नाव, तेच नाव उलटे, असे शब्द लावून पाही आणि पुष्कळदा कुलूप उघडे. फिंगर तर ही नावे कोणालाही सांगत असे!

मी बँकेत अधिकारी होतो. तिथे पहिल्या दिवसापासून शिकवतात की, खातेदाराचे पैसे ही जशी ठेव, तशी त्याची माहितीही ठेवच. विचारणारा सज्जन दिसला म्हणून शिल्लक सांगायची नसते. फिंगरच्या 1991 च्या सुधारित नियमांनीही हेच मान्य केले. काय सांगायचे आणि कशाला नकार द्यायचा, हे संगणक सांभाळणाऱ्याने ठरवावे, असे त्यांत आले.

वर्मने वापरलेले छिद्र केव्हाच बुजले. सवय बुजलेली नाही. शाळेच्या संगणकावर एकामागून एक मुले बसतात. हजेरी क्रमांक हेच नाव आणि जन्मतारीख हाच पासवर्ड असेल, तर वर्गातल्या कोणालाही ते कुलूप उघडता येते. मुलांनी उठताना आपले खाते बंद करावे, हे आपण सांगतोच. पण मुलांची यादी कोणाकोणाला दिसते, हा प्रश्न पालकसभेत शाळेला विचारायला हवा. तो मुलांनी विचारण्याचा नव्हे.