ऑफेलियाला कोण वाचवणार?

मागच्या वेळी आपण हॅम्लेटपाशी थांबलो होतो. आज ऑफेलिया. २०२५ साली टेलर स्विफ्टने तिच्या नशिबावर एक गाणं केलं. त्यातली नायिका प्रियकराचे आभार मानते, की तो आला म्हणून आपली ऑफेलिया झाली नाही. ठीक आहे. पण शेक्सपिअरची ऑफेलिया वाचवणारा नव्हता म्हणून बुडाली का? बाप म्हणतो, त्याला भेटू नकोस. भाऊ तेच बजावतो. हॅम्लेट तर मठात जा म्हणतो, आणि पुढे त्याच्याच हातून तिचा बाप मरतो. तिला काय हवंय, हे विचारतं कोण? गाण्यातही निर्णायक पाऊल दुसऱ्याचंच. म्हणून ती सुटका आम्हाला अर्धी वाटते. आणि गंमत बघा, नाटकात ऑफेलिया मनातलं मोकळेपणी बोलते ती वेड लागल्यावर, तेही गाणी म्हणत. तिचं मरण मात्र आपल्याला दिसतच नाही. ते राणी येऊन सांगते.