लिंगभावाधिष्ठित इस्लामद्वेष आणि भारतीय मुस्लिम स्त्रियांचे नेतृत्व

प्रस्तावना :
मुस्लिम स्त्रीविषयीच्या सार्वजनिक चर्चेत तिच्या दोनच प्रतिमा प्रामुख्याने आढळतात. एक, धर्माच्या बंधनात जखडलेली अबला. दुसरी, समाजाला धोका ठरणारी परकी स्त्री. या प्रतिमा परस्परविरोधी वाटल्या, तरी दोन्हींमध्ये तिचे स्वतःचे म्हणणे ऐकले जात नाही. कॅनडातील समाजशास्त्रज्ञ जस्मिन झीन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या प्रकाराचे विवेचन 'लिंगभावाधिष्ठित इस्लामद्वेष' या संकल्पनेद्वारे केले. प्रस्तुत लेखात या द्वेषाला भारतीय मुस्लिम स्त्रियांनी दिलेल्या प्रतिसादाचा विचार केला आहे.

दुहेरी संघर्षाची पार्श्वभूमी :
१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या नेतृत्वाखाली सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेऊन तोंडी तलाकविरोधी मागणी केली. मात्र १९८५ च्या शाहबानो निकालानंतर पोटगीचा प्रश्न बाजूला पडून धार्मिक अस्मितेचा वाद पेटला. तेव्हापासून मुस्लिम स्त्रीपुढे एक पेच कायम आहे. अन्यायाविरुद्ध बोलावे, तर तिचे शब्द समाजाच्या बदनामीसाठी वापरले जातात. मौन पाळावे, तर अन्याय चालूच राहतो.

नेतृत्वाचे स्वरूप :
या पेचातून वाट काढताना स्त्रियांनी संविधानाचा आधार घेतला. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाची स्थापना २००७ साली झाली. या संघटनेच्या नूरजहाँ सफिया नियाझ व झकिया सोमण यांनी हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून याचिका दाखल केली. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रवेशबंदी घटनाबाह्य ठरविली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो प्रकरणात एकाच वेळी दिलेला तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ अशा बहुमताने रद्दबातल ठरविला.

२०१९ च्या कायद्याने अशा तलाकासाठी पतीला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने कायद्याला पाठिंबा दिला, तर बेबाक कलेक्टिव्हने फौजदारी तरतुदीस विरोध केला. तलाकाचा अन्याय दोघींनाही अमान्य होता. मतभेद उपायाविषयी होता. 'मुस्लिम स्त्री' हा एकसाची गट नाही, हे यावरून स्पष्ट होते.

डिसेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधात दिल्लीच्या शाहीन बागेत स्त्रियांनी धरणे धरले. तेथे संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन झाले. पैसे घेऊन बसल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. त्याच आंदोलनातील वयोवृद्ध बिल्किस यांचा समावेश 'टाइम' नियतकालिकाने २०२० च्या प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत केला.

नेतृत्वावरील प्रतिहल्ला :
जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' व जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' या ॲपद्वारे मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या संमतीविना 'लिलावा'साठी मांडण्यात आली. त्यांत पत्रकार व कार्यकर्त्या मोठ्या संख्येने होत्या. म्हणजेच लक्ष्य केली गेली ती मूक स्त्री नव्हे, तर बोलणारी स्त्री. अपमानित होऊन त्यांनी सार्वजनिक जीवन सोडावे, हा या कृत्याचा अर्थ होता. मात्र अनेकींनी उघडपणे तक्रारी नोंदविल्या. 'बुल्ली बाई' प्रकरणी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई व दिल्ली पोलिसांनी आरोपींना अटक केली.

निष्कर्ष :
भारतीय मुस्लिम स्त्रियांचे नेतृत्व समाजांतर्गत पुरुषसत्ता आणि समाजाबाहेरील द्वेष या दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी उभे आहे. एका आघाडीवरील लढा दुसरीसाठी थांबविण्यास या स्त्रिया तयार नाहीत. सहानुभूती वा संरक्षण देण्याच्या नावाखाली त्यांच्या वतीने इतरांनी बोलणे, हीदेखील त्यांचा आवाज नाकारण्याचीच एक रीत होय. समान नागरिक म्हणून त्यांचे म्हणणे, त्यांच्यातील मतभेदांसह ऐकले जाणे, ही या प्रश्नाच्या सोडवणुकीची पहिली अट आहे.