धर्म उपदेशाचा, भाषा कुणाची?
१५८४ साली पेरूतल्या लिमात छापलेली ख्रिस्ती प्रश्नोत्तरी स्पॅनिशबरोबर केचुआ आणि आयमारा या तिथल्या स्थानिक भाषांतही होती. राजाची भाषा ऐकवून श्रोत्याचे मन वळत नाही, हे धर्मोपदेशकांनी ओळखले होते. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले, तेही मराठी ओव्यांत! पुढे भोर संस्थानातल्या नसरापुरात ठाणे मांडलेल्या मिशनऱ्यांनाही मराठीची वाट धरावी लागली. हे भाषाप्रेम नव्हे, धर्मांतराची युक्ती होती, असा आक्षेप येतो. हेतू धर्मांतराचाच होता, हे नाकारता येत नाही. मात्र सत्तेला ही युक्तीही सोसली नाही: पोर्तुगीजांनी १६८४ मध्ये गोव्यातल्या लोकांना त्यांची कोकणी सोडण्याचे फर्मान काढले, तर स्पेनच्या राजाने १७७० मध्ये अमेरिकेतल्या स्थानिक भाषा मोडण्याचे. ‘क्रिस्तपुराणा’च्या ओव्या मात्र त्यानंतरही गायल्या जात राहिल्या.