मरण परवडले, कोंडी नको

माऊसने चित्रातल्या वस्तू उचलायच्या, भेटेल त्याच्याशी बोलायचे आणि कोडी सोडवत गोष्ट पुढे न्यायची, या जातीच्या अ‍ॅडव्हेंचर गेमांनी साधारण १९८५ ते १९९८ या काळात राज्य केले. त्या राज्याचे दोन मोठे सरदार कॅलिफोर्नियातच होते. योसेमिटीच्या वाटेवरच्या ओकहर्स्ट गावात केन आणि रॉबर्टा विल्यम्स या नवराबायकोची सिएरा ऑन-लाइन, आणि सिनेमावाल्या जॉर्ज लुकासच्या छत्राखाली वाढलेली लुकासफिल्म गेम्स, म्हणजे पुढची लुकासआर्ट्स. जुने खेळाडू आजही एका वाक्यात निकाल देतात: सिएराच्या गेममध्ये पावलोपावली मरण, लुकासच्या गेममध्ये मरणच नाही, म्हणून लुकास थोर. निकाल बऱ्याच अंशी मान्य करण्यासारखा आहे. त्यामागचे कारण मात्र चुकीचे आहे. दोघांतला खरा फरक नायक मरतो की नाही हा नव्हता. आपण चुकलो आहोत हे खेळाडूला कळू द्यायचे की नाही, हा होता.

श्रेयाचा पहिला मान सिएराचाच. रॉबर्टाबाईंचा ‘मिस्टरी हाऊस’ (१९८०) मजकुराच्या गेमला चित्रांची जोड देणारा पहिला म्हणून ओळखला जातो. मग आयबीएमने आपल्या पीसीज्युनिअर या यंत्रासाठी पैसे घातले आणि त्यातून १९८४ चा ‘किंग्ज क्वेस्ट’ आला. त्यात चित्रातला नायक झाडामागून चालत जाई. तोवर हे कोणी पाहिले नव्हते. १९८८ च्या चौथ्या भागाने साउंडकार्डचा पुरस्कार केला, १९९० च्या पाचव्याने २५६ रंगांची हाताने रंगवलेली चित्रे आणली आणि आज्ञा टाइप करण्याची पद्धत काढून टाकली. दर खेपेला नवे यंत्र, नवा आवाज, नवा रंग. खेळाडूने नवा संगणक घ्यायचा तो सिएराच्या जोरावर, अशी स्थिती होती. कोड्यांच्या बांधणीकडे त्या मानाने कमी लक्ष गेले, आणि ते नेमके या पाचव्या भागातच उघडे पडते.

त्यातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. राजा ग्रॅहम एका बेकरीपाशी येतो आणि समोरून एक मांजर उंदराचा पाठलाग करत जाते. काही क्षणांचे दृश्य. त्याच वेळी जुना बूट किंवा काठी फेकून उंदीर वाचवला, तर पुढे खाणावळीच्या तळघरात बांधून ठेवलेल्या ग्रॅहमच्या दोऱ्या तो उंदीर कुरतडतो. फेकला नाही, किंवा हाताशी फेकायला काही नव्हते, तर तळघरातच खेळ आटोपला. आता तिथे का अडकलो हे समजायला काही मार्ग नाही. बेकरीसमोरची मांजर कुणाच्या ध्यानात असणार? तीच गत कस्टर्डच्या पायची. बर्फाळ डोंगरात ग्रॅहमला भूक लागते. गेम तो पाय खाऊ देतो, तक्रार करत नाही. पुढे यती समोर येतो तेव्हा त्याच्या तोंडावर फेकायला तोच पाय हवा असतो. कड्यावरून पडून मेलेला नायक निदान सांगतो की कड्यावर जाऊ नकोस. तळघरातला नायक काहीच सांगत नाही. जुना सेव्ह शोधा, नाहीतर पहिल्यापासून सुरू करा.

लुकासकडच्या रॉन गिल्बर्टने हे दुखणे अचूक हेरले. १९८९ मध्ये त्याने अ‍ॅडव्हेंचर गेमांवर झोड उठवणारा एक लेख लिहिला. मेल्याशिवाय पुढचे शिकता येत नाही अशी कोडी नकोत, आणि वस्तू घ्यायची राहिली म्हणून खेळाडूला कायमचे अडकवू नका, अशा त्यातल्या मागण्या होत्या. पुढच्याच वर्षीच्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये त्या मागण्या प्रत्यक्षात आल्या, वर सिएराला चिमटाही निघाला. नायक गायब्रश कडा कोसळून पडतो, सिएराच्या थाटाची मृत्यूची पाटी पडद्यावर येते, आणि दुसऱ्याच क्षणी स्वारी खालच्या रबराच्या झाडावर आपटून टुणकन वर! तरी याच गेममध्ये मरण आहे. आपण दहा मिनिटे श्वास रोखू शकतो अशी बढाई गायब्रश मारतो. पाण्याखाली त्याला त्याहून जास्त ठेवले तर तो खरोखर मरतो आणि खालच्या क्रियापदांच्या जागी प्रेताला शोभतील अशी क्रियापदे येतात, सोबत हिंट बुक मागवण्याची सोय. म्हणजे मरण वर्ज्य नव्हते, न सांगता येणारे मरण वर्ज्य होते.

यावर कोणी म्हणेल की लुकास काही धुतल्या तांदळासारखा नाही. खरे आहे. १९८७ च्या ‘मॅनिएक मॅन्शन’मध्ये पोरे मरतात आणि वाटाही बंद होतात, १९८९ च्या ‘लास्ट क्रुसेड’मध्ये चुकीचा प्याला उचलला की इंडियाना जोन्स संपला. पण प्याल्याची चूक तिथल्या तिथे कळते, म्हणून ती कुणाला सलत नाही. आणि ‘मॅनिएक मॅन्शन’चा कर्ता गिल्बर्टच होता, त्याचा लेख परक्याच्या दोषांइतकाच स्वतःच्या दोषांवरही लागू पडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: धोका नसेल तर गोष्टीला धार कसली? लुकासच्या गेममध्ये हाती असलेली प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूवर घासून पाहणारे खेळाडू पुष्कळ निघाले, कारण चुकीची किंमतच नव्हती. मला हा दोष नाकारता येत नाही. सिएराच्याच ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’त लढाईत मरण्याची भीती गोष्टीला शोभते, कारण ती समोर उभी असते. म्हणजे धोक्याची बाजू घेणाऱ्याचे म्हणणे जुना बूट आणि कस्टर्डच्या पायला लागू होत नाही. तिथे धोका दिसतच नाही, मग भीती कुठून येणार?

तिसरा आरोप ऐकू येतो तो असा की सिएराने ही कोंडी हिंट बुके आणि पैसे लागणारी फोनलाइन चालावी म्हणून मुद्दाम केली. हे पटत नाही. लुकासही हिंट बुके विकत असे, आणि अशा कोंड्या चित्रांच्या आधीच्या, नुसत्या मजकुराच्या गेमांतही होत्याच. कारण बहुधा साधे असावे. सिएरा एकाच वेळी बरेच गेम काढणारे, स्वतःच्या कमाईवर उभे असलेले दुकान होते. लुकासच्या माणसांमागे चित्रपटाचा पैसा होता, ते थोडेच गेम काढत. सफाईला वेळ लागतो, तो त्यांच्याकडे होता.

सिएराचे दिवसही पुढे फिरले. १९९६ मध्ये ती सीयूसी इंटरनॅशनलने विकत घेतली, त्या कंपनीचा हिशेबी घोटाळा १९९८ मध्ये बाहेर आला, आणि २२ फेब्रुवारी १९९९ ला ओकहर्स्टचे कार्यालय बंद झाले. त्याच वर्षी आलेल्या सिएराच्या ‘गॅब्रिएल नाइट ३’मधले एक कोडे बदनाम आहे: मिशाच नसलेल्या माणसाचे सोंग घेण्यासाठी त्याच्या पासपोर्टवर मिशी काढायची, आणि स्वतःला चिकटवायची मिशी मांजराच्या केसांची, मेपल सिरपने डकवलेली. इथे मरण नाही. तरीही खेळाडू चडफडला, कारण काय करायला हवे याची एकही खूण गेमने त्याला दिली नव्हती.